हळर्णकर सरांची बाटली

आमच्या कॉलेजातले रसायनशास्त्राचे हळर्णकर सर पोटाला बाटली बांधून हिंडत. शर्टाच्या आत, बेंबीच्या जरा डावीकडे, जुन्या लुगड्याच्या पट्टीने आवळलेली चपटी बाटली. ती तशीच ठेवून ते वर्गात शिकवत, साखळी गावच्या बाजारात बांगडे निवडत, लग्नात पंगतीला बसत. झोपेत कुशीवर वळायचं झालं तर आधी बाटली वळवतो आणि मग मी वळतो, असं त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. आता गोव्यात एखादा माणूस शर्टाखाली बाटली घेऊन फिरतो म्हटल्यावर लोकांना जे वाटायचं ते वाटतच असे.

एकदा आम्ही दोघं सावंतवाडीला एका सहकाऱ्याच्या लग्नाला निघालो होतो. पेडण्याच्या पुढे सरहद्दीच्या नाक्यावर बस थांबली आणि इकडची दारू तिकडे चाललीय का ते बघायला एक शिपाई आत चढला. त्याने पिशव्या चाचपल्या, एका म्हातारीच्या पुरचुंडीतले काजू हुंगले, आणि मग त्याची नजर सरांच्या पोटावरच्या फुगवट्यावर गेली.

"कितें तें?"

"रगत," सर म्हणाले.

"कोणाचें?"

"कोणाचेंच न्हय. मिठाचें उदक समज. रगतात मीठ आसता ना, तितकेंच मीठ."

"भायर काड."

"काडूंक जायना. थंड जातलें."

फेणी थंड होईल म्हणून ती कोणी पोटाशी धरत नाही, एवढा विचार करायला त्या शिपायाला सवड नव्हती. त्याने बाटली काढायला लावली, बूच उघडलं, हुंगलं, आत बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. मग त्याला तळाशी बसलेल्या बताशाएवढ्या पांढऱ्या चकत्या दिसल्या.

"आनी हें कितें?"

"हाडां," सर शांतपणे म्हणाले. "म्हणजे अजून जावंक नात. जातलीं."

होऊ घातलेल्या हाडांचं पाणी चाखलेला शिपाई थुंकायला खाली उतरला तो परत वर आला नाही. बस सुटली. सगळे प्रवासी हसत होते आणि मीही हसत होतो. सर मात्र बाटलीकडे बघत बसले होते. "बोट घातलें मरे ताणें," ते म्हणाले. "पंदरवड्याचें काम गेलें." लग्नात त्यांनी धड जेवणही घेतलं नाही.

हे प्रकरण काय होतं ते मला समजलं तेवढं सांगतो. मी मराठी शिकवतो, तेव्हा चूकभूल देणेघेणे. शरीरात कुठलीही परकी वस्तू बसवली की शरीर तिला वाळीत टाकतं. पण एका जातीची काच असते, चुना वगैरे घालून वितळवलेली आणि पुन्हा तापवून चिनीमातीसारखी टणक केलेली. तिच्याशी हाडाचं जमतं. हाड तुटलं, झिजलं, की तिथे ही काच बसवावी आणि हाडाने तिला धरावं, अशी कल्पना. अडचण एकच. काच पडली गुळगुळीत. हाडाच्या पेशी तिच्यावर येतात आणि पाय न ठरल्यामुळे जातात. म्हणून तिचा पृष्ठभाग आधी खरवडायचा, मग आम्लात बुडवून त्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पाडायची, आणि मग रक्ताइतक्या खारट पाण्यात, अंगाच्या उबेत, दिवसेंदिवस मुरत ठेवायचा. तसं केलं की काचेवर हाडातल्यासारखा चुन्याचा पातळ थर धरतो. त्या थरावर पेशी बसतात. बसल्या तर.

हळर्णकर सरांची पीएच.डी. या 'बसल्या तर'वर अडली होती. दक्षिणेकडच्या एका शहरात त्यांचे मार्गदर्शक होते. ते काचेच्या चकत्या पाठवत, सर त्यांना खरवडून, मुरवून परत पाठवत, आणि तिकडच्या प्रयोगशाळेत त्यांच्यावर पेशी सोडून बघत. दर खेपेला तिकडून तोच निरोप येई, की पेशी बसल्या नाहीत. सर पन्नाशीला टेकले होते. बढती वगैरेची आशा त्यांनी केव्हाच सोडली होती. "एकदांच बसूंदी," एवढंच म्हणत.

राहता राहिली अंगाची ऊब. ती देणारं एक यंत्र कॉलेजात होतं. पण गोव्याला राज्य मिळून चार-सहा वर्षं झाली तरी आमच्या भागाला वीज मिळायची होती. सकाळी आली तर दुपारी जाई, आणि यंत्र गार पडे. अशा तीन खेपा वाया गेल्यावर सरांनी यंत्राचा नाद सोडला. "अंगाची ऊब जाय न्हय? अंग आसाच मरे," असं म्हणून त्यांनी बाटली पोटाला बांधली. मुलांनी लगेच त्यांचं नाव 'खुडूक सर' ठेवलं. ते वर्गात आले की मागच्या बाकावरून कोंबडीचा आवाज येई. सर फळ्याकडे तोंड करून म्हणत, "ती तरी एकवीस दिसांनी सुटता रे," आणि शिकवायला लागत.

त्यांचं एक वाक्य होतं, "गुळगुळीताक कोण धरता?" ते कशालाही लागू पडे. कुठलीही वस्तू दिसली की सर आधी तिच्यावरून बोट फिरवत. स्टीलच्या ताटाबद्दल त्यांचं मत वाईट होतं, केळीच्या पानाबद्दल बरं होतं, आणि चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाबद्दल ते बोलायला लागले की चहा थंड होई. ते मूळचे धारगळचे, चिऱ्याच्या खाणींच्या शेजारी वाढलेले. "चिरो पळय, आंगभर भोकां. म्हणून चुनो धरता. हाड असेंच आसता." आमच्या प्राचार्यांचं भाषण झालं की ते माझ्या कानाशी येऊन तेच वाक्य म्हणत, आणि मला खोकल्याचं निमित्त करून बाहेर जावं लागे.

त्या काळात कोकणी-मराठीचा वाद अजून निवला नव्हता. आमच्या स्टाफरूममध्ये दोन टेबलं होती, एक कोकणीवाल्यांचं आणि एक मराठीवाल्यांचं. चहाच्या किटल्यासुद्धा वेगळ्या. मी अर्थात मराठीच्या टेबलावर, आणि तावातावाने. हळर्णकर सरांना दोन्हीकडून ओढाताण झाली. त्यांनी दोन्ही टेबलांवरून बोट फिरवलं आणि कोकणीच्या टेबलावर जाऊन बसले. मी कारण विचारलं तर म्हणाले, "तुमच्या मेजाक पॉलिश आसा." दोन्ही बाजूंनी त्यांना कायमचं सोडून दिलं.

चकत्यांच्या मागे मात्र शनी लागला होता. एक खेप लाल झाली. डिचोलीच्या खाणींवरचे खनिजाचे ट्रक दिवसभर कॉलेजच्या खिडकीखालून जात, त्या धुळीपुढे बुचाचं काही चाललं नाही. पांढरी काच गुलाबी होऊन निघाली. एकदा आम्ल संपलं म्हणून सरांनी माझ्या बायकोकडून कोकमाचं आंबट आगळ मागून नेलं. आठवड्याने ते रिकामी बाटली परत करायला आले तेव्हा बायकोने विचारलं, "जमलं का हो?" सर म्हणाले, "सोलकडी बरी जातली." त्यांची विनोद करण्याची ही पद्धत होती आणि तिच्यात हसू कधीच नसे.

घरी त्यांच्याबरोबर त्यांची थोरली बहीण होती. आका. बाटलीची पट्टी तिच्याच लुगड्याची. लग्न होऊन वर्षाच्या आत ती कपाळ पुसून माहेरी परत आली होती, तेव्हा सर दुसरीत होते. आईबाप गेल्यावर धारगळला हमरस्त्याच्या कडेला बसून तिने चिबडं विकली, मिरच्या विकल्या आणि या भावाला एम.एस्सी. केलं. सरांनी लग्न केलं नाही. का केलं नाही ते मी कधी विचारलं नाही. कारापूरला भाड्याचं घर घेतल्यावर ते आकाला घेऊन आले. घरात मोझेकच्या नव्याकोऱ्या लाद्या होत्या. धारगळच्या शेणाच्या जमिनीवर जन्म काढलेली आका दिवसातून चारदा त्या लाद्या पुसायची. "तोंड दिसता रे हातूंत," ती कौतुकाने म्हणायची.

त्याच लादीवर ती घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं.

सरकारी इस्पितळात पट्टी आणि स्क्रू बसवले, पण ते सैल पडले. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून सांगितलं, हाड पोकळ झालंय, स्क्रू धरत नाही, आता घरी न्या. हळर्णकर सरांनी त्यांना काचेबद्दल सांगितलं. खरवडणं, आम्ल, मुरवणं, सगळं. डॉक्टर चांगला माणूस होता, त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे माणसाला लावायला किती वर्षं लागतील?"

"वीस तरी," सर म्हणाले.

आकाला घरी आणलं आणि दुसऱ्याच दिवशी सरांनी जे केलं त्याची चर्चा कारापुरात पुढे वर्षभर पुरली. शेजारी एका इमारतीचं काम चाललं होतं. तिथल्या बेळगावकडच्या एका गवंड्याला त्यांनी छिन्नी-हातोडा घेऊन बोलावलं आणि सगळ्या घराच्या लाद्यांना टाचे मारायला सांगितलं. गवंडी हातोडा धरून उभाच राहिला.

"सायेब, लाद्या नव्या हायत की. टाचं आमी भिताडाला मारतो, गिलावा धरावा म्हनून. जिमिनीला कोन मारतंय?"

"तूं मार."

"मालकानं इचारलं तर?"

"गुळगुळीताक कोण धरता?" सर एवढंच म्हणाले. गवंड्याला यातून काही बोध झाला नाही, पण मजुरी रोख होती. संध्याकाळपर्यंत घर देवी आल्यासारखं झालं. घरमालक धावत आला, दारातच ठेचकाळला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "सर, तुमी शिकिल्लो मनीस मरे!" सरांनी त्याला भरपाई कबूल केली आणि खाली वाकून लादीचे उडालेले पांढरे कपचे वेचायला लागले. मी विचारलं, "आता या खडबडीत जमिनीवर चालणार कोण?" त्यांनी कपचे कागदात बांधून पुडा कपाटात ठेवला. आका आतल्या खोलीत खाटेवर होती आणि ती पुन्हा चालणार नव्हती, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं.

आकाने खाणं सोडलं. रुसून नव्हे, रागावून नव्हे. जिने आयुष्यभर दुसऱ्याला वाढलं ती खाटेवर पडून वाढून घ्यायला तयार होईना. "आतां माजें कितें काम? देवान व्हरचें," असं म्हणून ती भिंतीकडे तोंड करायची. सर कॉलेजातून धावत घरी जात, पेज करत, कुलेर, म्हणजे चमचा, तिच्या ओठांना लावत. ती तोंड मिटून घ्यायची. सर वाळले. मला म्हणाले, "तिका धरूंक कितेंच ना उरूंक. ती सुटतली." तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. आकापेक्षा जास्त त्यांच्यासाठी वाटली. तिच्याशिवाय या माणसाला जगात कोण होतं?

त्यातच सरांना हिवताप झाला. दुसऱ्या कोणाला हिवताप झाला तर माणूस आजारी पडतो. इथे यंत्र बिघडलं. ताप चढला की बाटली जास्त तापणार, घाम सुटून उतरला की गारठणार. दोन घोंगड्यांत गुंडाळलेले सर मला म्हणाले, "माजी काळजी करूं नाका. ह्या शेवटच्या चकत्यो. आनीक येवच्यो नात." आणि तापाच्या पाळीत एक दिवस मोकळा मिळाला तसे ते शाल पांघरून, हातात थर्मामीटर घेऊन स्टाफरूममध्ये हजर झाले.

बाटली बांधायला स्थिर अंगाचा माणूस हवा होता. त्यांनी मुलाखती सुरू केल्या. प्राचार्यांच्या काखेत थर्मामीटर लावायची कोणाची छाती नव्हती, ती सरांची झाली. प्राचार्य नापास झाले. इतिहासाचे देसाई जेवल्यावर चढतात असं निघालं. शिपाई बाबलो पहिल्या फटक्यात उत्तीर्ण झाला. पण सर म्हणाले, "सांजेर हाचें कितें जाता तें सगळ्यांक खबर आसा," आणि बाबलो लाजून पाणी आणायला गेला. मग माझी पाळी आली. सरांनी थर्मामीटर उजेडात नेला, डोळे बारीक केले.

"कमी आसा."

"किती?"

"अर्दी डिग्री. भाशेच्या मनशांचें आसताच कमी."

मला याचा विनाकारण अपमान वाटला. घरी जाऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "यात नवीन काय?"

कोणी मिळालं नाही. मिळालं असतं तरी पोटाला बाटली बांधून कोण बसणार होतं? मी सरांना धरून घरी पोचवायला गेलो. त्यांना पुन्हा थंडी भरत होती. घरात शिरल्यावर हातातला थर्मामीटर ठेवायचा म्हणून ते आकाच्या खाटेशी गेले, आणि काय मनात आलं कोण जाणे, तो त्यांनी तिच्या काखेत सरकवला. वाट बघितली. जनेलाशी, खिडकीच्या उजेडात, नेऊन वाचला. झटकला आणि पुन्हा लावला. पारा पुन्हा त्याच रेघेवर, हवा तिथेच.

"आका," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज कापत होता, थंडीने असेल, "तूं काट्यार काटो आसा गो."

त्यांनी पट्टी सोडली आणि बाटली तिच्या पोटाशी बांधली. आका घाबरली. घरात ती सरांना पुंडू म्हणायची. "फुटत मरे, पुंडू!"

"फुटना."

"आनी हांव थंड जालें जाल्यार?"

"पेज खा. पेज खाल्यार ऊब येता."

आकाने बाटली दोन्ही हातांनी धरली. मग म्हणाली, "हाड रे." कोकणीत हाड म्हणजे आण. मी चुलीकडे धावलो. मी केलेली पेज तळाला लागली होती, तरी तिने ती खाल्ली.

त्यानंतरचे काही महिने त्या घरात आकाचा अंमल होता. बाटली हलते म्हणून तिने हसायची बंदी केली. भजनाच्या बायका भेटायला आल्या तर "माका टायम ना, हांव कामार आसां," असं सांगून त्यांना वाटेला लावलं. पोदेर पाव घेऊन आला की त्याच्याकडून ऊनऊन उंडे मागून घ्यायची, पोटात ऊब जावी म्हणून. संध्याकाळी सर कॉलेजातून आले की आधी तिच्या पोटावर तळहात ठेवून ऊब बघत, मग पाणी बदलत. "कितें म्हणता तुजी काच?" ती विचारायची. "बरी आसा. तूं जेवलें मगो?" सर विचारायचे. मी दाराशी बसून बघत असे. इतकी वर्षं मी या माणसाची टिंगल केली होती आणि त्या घरातून निघताना मला घरी जावंसं वाटत नसे.

खेप पुरी झाली. सरांनी मला मुद्दाम कॉलेजच्या प्रयोगशाळेत बोलावून सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. मला तांदळाच्या पिठीसारखा एकसारखा थर दिसला, कुठे तडा नाही, कुठे टक्कल नाही.

"दिसता?"

"दिसतं."

"असलो थर हांवें खंयच पळोवंक ना. हें आकाचें," ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. चकत्या कापसात गुंडाळून तिकडे रवाना झाल्या.

निरोप येईना. सर अधूनमधून साखळीच्या बाजारातल्या फोनच्या बूथवर जात. एके दिवशी मी बरोबर होतो. ते काचेच्या खोपट्यात उभे राहून बोलत होते आणि मी बाहेरून बघत होतो. बोलणं फार वेळ चाललं नाही. त्यांनी फोन ठेवला आणि तिथेच उभे राहिले. मागच्या माणसाने काच ठोठावली तेव्हा बाहेर आले.

"काय म्हणाले?"

"माजे मार्गदर्शक निवृत्त जाले. ती योजनाच बंद. पेशींच्या खोलयेक कुलूप." बाजारातून चालता चालता ते तुकड्या-तुकड्यांनी सांगत होते. "नोंदणीची मुदत सोंपली. चकत्यो खंय आसात विचारलें तर म्हणटात, खंयच्या तरी कपाटात आसतल्यो."

"म्हणजे पेशी बसल्या की नाही..."

"कोणेंच पळोवंक ना."

नापास झाले असते तर एक वेळ रडता आलं असतं. इथे कोणी पेपर तपासलाच नव्हता. सरांनी पोदेराकडून चार उंडे घेतले.

"आकाला काय सांगणार?" मी विचारलं.

"आज उदक बदलूंक जाय," ते म्हणाले.

आणि त्यांनी ते बदललं. चकत्या तर संपलेल्या होत्या, निरोपाची वाट बघत आकाच्या पोटाशी नुसतं खारं पाणी होतं. मग मी बघितलं, की त्यांनी कपाटातून तो पुडा काढला, टाचे मारताना उडालेल्या लादीच्या कपच्यांचा. त्यातले दोन पांढरे कपचे निवडले, घासून गोल केले, उकळलेल्या विहिरीच्या पाण्यात चिमूटभर मीठ घातलं, बाटली भरली आणि पूर्वीच्याच गांभीर्याने आकाच्या पोटाशी बांधली. "नवी खेप," तिला म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. पीएच.डी. बुडाली, काच बुडाली, आणि हा माणूस लादीचे तुकडे उबवायला लागला. त्यासारखं निराश करणारं दृश्य मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि तरी संध्याकाळी आका पोटभर जेवली.

थंडी पडायला लागली तशी ती खंगत गेली. एका दुपारी सर कॉलेजात असताना मी तिच्याजवळ बसलो होतो. तिने बाटली लुगड्यातून काढून माझ्यापुढे धरली.

"पुता, ही काच न्हय. ही आमची लादी."

मी वाकून बाटलीत बघितल्यासारखं केलं.

"इतले दीस पुसली ती. वळखूंचें ना हांव?" ती हसली, पण जपून, बाटली न हलवता. "ताका सांगूं नाका. तो सांजेर येता, माज्या पोटार हात दवरता, हून आसा काय ना पळयता. ल्हान आसतना रातचो भियेलो काय असोच हात दवरून न्हिदतालो. आनी कोणाक हात लायतलो तो? माज्या मागीर तूं घे ती बाटली."

"माझं तापमान कमी आहे, आका."

"पेज खा," आका म्हणाली.

ती गेली त्या सकाळी मी पोचलो तेव्हा बायका तिला न्हाऊ घालायच्या तयारीत होत्या आणि सर बाहेर सोप्यावर उभे होते. बाटली त्यांच्या पोटाला बांधलेली होती. शर्टाच्या आत घालायचं भानही त्यांना नव्हतं. गाव जमला होता. ज्यांना ठाऊक होतं ते मान खाली घालून होते, ज्यांना ठाऊक नव्हतं ते एकमेकांना कोपरं मारत होते. सरांनी तिला अग्नी दिला तोही बाटलीसकटच. भटजी काही बोलायला गेले, मी त्यांना हाताने थांबवलं.

संध्याकाळी सगळे पांगले. आम्ही दोघं त्या टाच्यांच्या जमिनीवर बसलो होतो. खाट रिकामी होती. सरांचा तळहात बाटलीवर होता.

"अजून हून आसा," ते म्हणाले.

ती ऊब त्यांचीच होती. शास्त्राच्या माणसाला हे मी कशाला सांगू? ते तिथे तसेच बसून राहणार, स्वतःच स्वतःला उबवत, हे मला स्पष्ट दिसत होतं. त्यांच्या पोटावर हात ठेवणारं कोणी नव्हतं आणि त्यांनी हात ठेवावा असंही आता कोणी नव्हतं.

"सर," मी म्हटलं, "बाटली मला द्या."

ते उठले, कपाटातून थर्मामीटर आणला, झटकला आणि माझ्या काखेत लावला. त्यांनी तो काढून जनेलाशी नेला. बाहेर उजेड फारसा उरला नव्हता.

"कमी आसा," ते म्हणाले. "अर्दी डिग्री."

"माहीत आहे. पेज खाईन."

त्यावर हळर्णकर सर रडले. दिवसभर रडले नव्हते ते खिडकीचे गज धरून रडले. मग शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, आकाच्या लुगड्याची पट्टी सोडली आणि बाटली माझ्या पोटाशी बांधली. गाठ दोनदा मारली. आवळली का विचारलं. नाही म्हटल्यावर तळहात माझ्या पोटावर ठेवून थोडा वेळ तसेच थांबले.

"परवां उदक बदलूंक येतां," ते म्हणाले.

मी बरं म्हटलं.